कपाटाची किल्ली कोणाकडे? आई-वडिलांच्या हत्या आणि अमेरिकेतला बंदुकीचा वाद

पर्ल हे मिसिसिपी राज्यातलं एक छोटं शहर. १ ऑक्टोबर १९९७ च्या सकाळी तिथल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने घरात आईचा सुऱ्याने भोसकून खून केला. मग आईचीच गाडी काढून, लांब कोटाखाली रायफल दडवून तो शाळेत पोचला. तिथे दोन मुली मेल्या, सात जण जखमी झाले. तो पसार व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात शाळेच्या उपमुख्याध्यापकांनी आवारातल्या आपल्या ट्रकमधून पिस्तूल आणलं, त्याच्यावर रोखलं आणि पोलीस येईपर्यंत त्याला धरून ठेवलं.

एका सकाळी तीन हत्यारं. त्यानंतर ज्याला जे सोयीचं, ते त्याने उचललं. बंदूक बाळगण्याच्या हक्काचे पुरस्कर्ते सांगतात की आईला मारायला बंदूक लागली नाही, मुलाला थांबवायला मात्र लागली. नियंत्रणाच्या बाजूचे सांगतात की सुऱ्याने एक जीव गेला, रायफल हाती आल्यावर नऊ जणांना गोळ्या लागल्या. दोघांचंही खरं आहे.

मुलांनी जन्मदात्यांना मारण्याच्या प्रश्नावर अमेरिकेत खरं तर दोन वाद चालू आहेत. एक वकील, मानसतज्ज्ञ आणि बालहक्कवाल्यांचा: असं मूल गुन्हेगार की बळी? दुसरा बंदुकीचा, तोच जुना. दोन्ही वाद एकाच घरातून सुरू होतात, पण एकमेकांशी क्वचितच बोलतात. दोन्हीकडचं वाचताना मला ही फारकतच सर्वांत जास्त खटकली.

किती, कोण, कशाने

आधी आकार लक्षात घेऊ. अमेरिकेतल्या एकूण खुनांत आई-वडिलांच्या हत्यांचा वाटा साधारण दोन टक्के आहे. वर्तमानपत्रं वाचून वाटतं त्याहून तो खूपच कमी. या विषयाचा सर्वांत चिकाटीने अभ्यास केला तो साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या गुन्हेशास्त्रज्ञ कॅथलीन हाइड यांनी. त्यांचं पहिलं पुस्तक १९९२ चं. एफबीआयकडे देशभरातून येणाऱ्या खुनांच्या तपशीलवार नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं चाळल्या. त्यातून दिसलेलं चित्र असं: मारणारे बहुतांशी मुलगे, मुली थोड्या, आणि बहुसंख्य मारेकरी अल्पवयीन नाहीत, सज्ञान आहेत. चर्चा होते ती चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची. प्रत्यक्षात जास्त सापडतो तो आई-वडिलांकडेच राहणारा सज्ञान मुलगा, पुष्कळदा गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेला.

हाइड यांनी मारेकऱ्यांचे तीन गट पाडले: दीर्घकाळ छळ सोसलेले, गंभीर मनोरुग्ण आणि समाजविघातक वृत्तीचे. पुढे त्यांनी संतापाच्या भरात मारणाऱ्यांचा चौथा गट जोडला. अल्पवयीनांत पहिला गट मोठा, सज्ञानांत दुसरा. ही वर्गवारी न्यायालयांत आणि पाठ्यपुस्तकांत रुळली आहे. मात्र खरा मुलगा पुष्कळदा एका वेळी दोन खणांत बसतो, हे तिच्यावर टीका करणारेही म्हणतात आणि तिचा वापर करणारेही.

बंदुकीच्या वादाला थेट भिडणारं हाइड यांचं निरीक्षण १९९३ च्या एका निबंधात आहे. आई-वडिलांना मारणाऱ्या अल्पवयीन मुलांनी सज्ञान मुलांपेक्षा ठळकपणे जास्त प्रमाणात बंदूक वापरली. याचं स्पष्टीकरण ताकदीत शोधलं गेलं. तीस वर्षांचा गडी बापाशी दोन हात करू शकतो. तेरा वर्षांच्या पोराला ते जमत नाही, म्हणून तो लांबून मारणारं हत्यार शोधतो. मूल जितकं लहान, बळी जितका धिप्पाड, तितकी बंदूक महत्त्वाची. म्हणजे बंदुकीपर्यंत हात पोचू न देण्याच्या उपायाचा परिणाम दिसायचाच, तर तो अल्पवयीनांत दिसेल. आणि तोच गट आकड्यांनी लहान आहे.

या नोंदींची मर्यादाही सांगायला हवी. खून करणारा आणि मरणारा यांचं नातं बऱ्याच नोंदींत 'अज्ञात' असतं. घरात आधी काय चाललं होतं, मुलाला मारहाण होत होती का, याला तर त्या फॉर्मवर रकानाच नाही.

गॅरेजमध्ये थांबलेला मुलगा

छळाची बाजू समजायला वायोमिंगमधल्या शायेन शहरातला जान्के खटला अजूनही पहिला वाचावा लागतो. १६ नोव्हेंबर १९८२ ची संध्याकाळ. आई-वडील आपल्या पहिल्या भेटीचा विसावा वाढदिवस साजरा करायला बाहेर जेवायला गेले होते. त्याआधी घरात भांडण झालं होतं आणि मी परतेन तेव्हा तू इथे दिसता कामा नये, असं वडिलांनी सोळा वर्षांच्या मुलाला बजावलं होतं. मुलाने घरातल्या बंदुका एकेक करून काढल्या, जागोजागी ठेवल्या. एक बहिणीला दिली आणि कशी चालवायची ते दाखवलं. मग शॉटगन घेऊन तो अंधाऱ्या गॅरेजमध्ये थांबला. वडील गाडीतून उतरून दार उघडायला आले तेव्हा त्याने बंद दारातून गोळ्या झाडल्या.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात हा मुलगा स्वतः शेरीफच्या कचेरीत गेला होता, वडील मारतात म्हणून तक्रार घेऊन. चौकशी झाली, पुढे काही झालं नाही. जूरीने त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं. शिक्षा पाच ते पंधरा वर्षांची झाली. १९८४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली: छळ झाला म्हणून छळणाऱ्याला मारण्याचा परवाना मिळत नाही. त्याच वर्षी गव्हर्नर एड हर्श्लर यांनी ती कमी केली. कायदा एका बाजूला आणि कायद्याच्या मनातली चुळबुळ दुसऱ्या बाजूला, असं हे दृश्य होतं.

पेच स्वसंरक्षणाच्या व्याख्येत आहे. हल्ला होत असेल किंवा आत्ता होणार असेल, तरच जीव घेण्याची मुभा मिळते. मार खाणारं मूल मात्र समोर उभं राहून क्वचितच मारतं. बाप झोपलेला असतो, टीव्ही पाहत असतो किंवा कामावरून नुकता परतलेला असतो. बहुतेकदा अशाच वेळी ते मारतं, कारण एरवी त्याचा निभाव लागत नाही. १९६२ मध्ये हेन्री केंप यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणांवर लिहिलं, तेव्हा तो बालरोगतज्ज्ञांचा विषय होता. पुढे मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या खटल्यांतला तर्क वकिलांनी मुलांसाठी वापरला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या जेन्स निकालात तो मान्य केला: छळ सोसलेल्या मुलाला धोका कसा दिसतो, याबद्दलची तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य आहे. पण त्याला सुटका म्हणता येणार नाही. जूरीने काय ऐकावं, एवढंच ठरलं.

विरोधी बाजू पोकळ नाही. सरकारी वकिलांचा आक्षेप असा की आरोप ज्याच्यावर आहे तो बोलायला उरलेला नसतो. मृताची बदनामी ही बचावाची सोपी वाट होते. मेनेंडेझ बंधूंच्या खटल्याने हा आक्षेप घरोघरी पोचवला. २० ऑगस्ट १९८९ ला बेव्हर्ली हिल्समध्ये होझे आणि किटी मेनेंडेझ यांना त्यांच्या १८ आणि २१ वर्षांच्या मुलांनी शॉटगनने मारलं. लैंगिक छळाचा बचाव टीव्हीवर थेट प्रक्षेपित झाला आणि पहिल्या खटल्यात दोघा भावांसाठी नेमलेल्या दोन्ही जूरींत एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी 'प्रामाणिक पण अवास्तव भीती'चा मुद्दा जूरीपुढे जाऊ दिला नाही. १९९६ मध्ये पॅरोलविना जन्मठेप झाली. मे २०२५ मध्ये ती बदलून पन्नास वर्षं ते जन्मठेप अशी झाली. ऑगस्टमध्ये दोघांनाही पॅरोल नाकारला गेला.

या खटल्यातला बंदुकीचा धागा फारसा कोणी उचलला नाही. बंदुका खुनाच्या दोन दिवस आधी सॅन डिएगोत, दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवून विकत घेतल्या गेल्या. तेव्हा कॅलिफोर्नियात पिस्तुलासाठी पंधरा दिवस थांबावं लागे. शॉटगन त्याच दिवशी मिळे. लांब बंदुकांनाही थांबण्याचा नियम १९९१ पासून लागू झाला. खटल्यात ही खरेदी पूर्वनियोजनाचा पुरावा म्हणून वाचली गेली. पंधरा दिवस थांबावं लागलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेतला नव्हताच.

बापाने घेऊन दिलेलं पिस्तूल

बहुतेक अल्पवयीनांच्या प्रकरणांत मात्र दुकानाचा प्रश्न येत नाही. बंदूक घरातच असते. शाळांवरच्या हल्ल्यांबाबत अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने केलेल्या पाहणीत दोन तृतीयांशांहून अधिक हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती.

ओरेगॉनमधल्या स्प्रिंगफील्डचं १९९८ चं प्रकरण इथे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. किप किंकेलचे आई-वडील दोघेही शिक्षक. घरात बंदुकांची आवड कोणालाच नव्हती, मुलगा सोडून. तो चिडका, निराश, स्फोटकांत रमणारा. मानसोपचारही झाले होते. त्याच्याशी काही तरी धागा जुळावा म्हणून वडिलांनी नाखुशीने त्याला पिस्तूल आणि रायफल घेऊन दिली. अट अशी की वापर आपल्या देखरेखीखालीच. २० मे ला शाळेतल्या लॉकरमध्ये दुसऱ्याकडून घेतलेलं चोरीचं पिस्तूल सापडलं. वडील त्याला पोलिसांकडून घरी घेऊन आले, त्याला कुठल्या शिस्तीच्या शिबिरात घालता येईल म्हणून फोन करत बसले. ते स्वयंपाकघरात कॉफी घेत असताना त्याने मागून गोळी घातली. संध्याकाळी आई गाडीतून उतरली. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सांगून त्याने तिलाही मारलं. दुसऱ्या दिवशी शाळेत दोन मुलं मेली, पंचवीस जखमी झाली. तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता. जवळपास ११२ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१८ मध्ये ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

न्यूटाउनच्या शाळेतल्या हत्याकांडाच्या अहवालातला एक तपशील मला त्याहून अस्वस्थ करतो. १४ डिसेंबर २०१२ ला वीस वर्षांच्या अॅडम लान्झाने आधी अंथरुणातल्या आईवर गोळ्या झाडल्या आणि मग सँडी हुक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. सगळ्या बंदुका आईने रीतसर घेतलेल्या. तपासात घरात एक नाताळचं शुभेच्छापत्र मिळालं. आत मुलाच्या नावाचा चेक होता, पिस्तूल घेण्यासाठी. मुलगा फारसा घराबाहेर पडत नव्हता, कोणाशी फारसं बोलत नव्हता. नेमबाजी ही दोघांना एकत्र आणणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी एक होती. दोन्ही घरांत बंदूक दुर्लक्षाने आलेली नाही. ती लाडाने, काकुळतीने आली आहे.

कुलपाचा कायदा

यातून निघालेला सर्वांत ठोस उपाय म्हणजे मुलांच्या हाती बंदूक पडू न देण्याचे कायदे. पहिला फ्लोरिडात, १९८९ मध्ये. साधा आशय: बंदूक सहज सापडेल अशी ठेवली, मुलाने ती वापरली, तर जबाबदार मालक. मिशिगनमध्ये असा कायदा फेब्रुवारी २०२४ मध्ये लागू झाला. त्याच सुमारास तिथे जेनिफर आणि जेम्स क्रम्बली या दांपत्याला, मुलाने ऑक्सफर्डच्या शाळेत केलेल्या हत्यांबद्दल सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी हल्लेखोराचे आई-वडील अशा रीतीने दोषी ठरण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ.

परिणामांबद्दल संशोधन काय सांगतं? १९९७ मध्ये बारा राज्यांच्या पाहणीत अशा कायद्यांनंतर मुलांचे अपघाती गोळीने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०२० च्या एका अभ्यासात, निष्काळजीपणाला शिक्षा देणाऱ्या कायद्यांमागे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत एकूण १३ टक्के घट आढळली. रँड संस्था असे अभ्यास गोळा करून त्यांना श्रेणी देते; बंदुकांच्या कायद्यांत भक्कम पुराव्याची श्रेणी मिळालेल्या थोड्यांत हा एक.

उलट बाजूला जॉन लॉट आणि जॉन व्हिटली. त्यांच्या २००१ च्या अभ्यासाप्रमाणे या कायद्यांनी मुलांचे अपघाती मृत्यू किंवा आत्महत्या कमी झाल्या नाहीत, उलट कुलपात बंदूक अडकल्याने घरात घुसणाऱ्यांचं फावलं. लॉट यांच्या आकडेमोडीच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आहे. तरी त्यांच्या मुद्द्याचा गाभा घटनेच्या भाषेत मान्य झाला: २००८ च्या हेलर निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजधानीतली पिस्तूलबंदी तर रद्द केलीच, पण घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावूनच ठेवण्याची सक्तीही मोडीत काढली. स्वसंरक्षण हा हक्काचा गाभा असेल तर बंदूक हाताशी हवी, हा तर्क. मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवण्याचे सौम्य कायदे त्यानंतरही टिकून आहेत.

एक विसंगती मात्र फारशी बोलली जात नाही. हा कायदा निष्काळजी पालकाला धाक घालतो. आई-वडिलांच्या हत्येत तो निष्काळजी पालकच मृत असतो. त्याच्यावर खटला भरायला कोणी उरत नाही. आणि जिवाच्या भीतीनेही जो माणूस कुलूप लावत नाही, तो दंडाच्या भीतीने लावेल का?

बंदूक नसती तर

मूळ प्रश्न जुनाच आहे. मार्व्हिन वुल्फगँग यांनी १९५८ मध्ये फिलाडेल्फियातल्या खुनांचा अभ्यास करून म्हटलं की बंदूक नसती तरी मारणाऱ्याने दुसरं काही शोधलं असतं. फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६८ मध्ये शिकागोचे आकडे पुढे केले: हेतू सारखाच दिसणाऱ्या हल्ल्यांत बंदुकीचा हल्ला सुऱ्याच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाचपट प्राणघातक ठरतो. पुढचा सगळा वाद या दोघांच्या सावलीत चालतो.

आई-वडिलांच्या हत्यांत वुल्फगँग यांची बाजू इतर ठिकाणांपेक्षा वजनदार वाटते, कारण झोपलेल्या माणसाला मारायला बंदूक लागत नाही, आणि सज्ञान मनोरुग्णांच्या प्रकरणांत सुरा-हातोडा भरपूर दिसतो. आपल्याकडेही नागपुरात डिसेंबर २०२४ मध्ये एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आई-वडिलांचा खून केला तो बंदुकीविना. पण लखनौमधली दोन प्रकरणं दुसरीकडे नेतात. २०२० मध्ये चौदा वर्षांच्या नेमबाज मुलीने आई आणि भावावर पिस्तूल चालवलं. २०२२ मध्ये सोळा वर्षांच्या मुलाने लष्करातल्या वडिलांच्या परवान्याच्या पिस्तुलाने आईला मारलं. एकविसाव्या वर्षाआधी परवाना न देणारा आपला कायदा दोन्ही घरांच्या उंबऱ्यावरच थांबला.

बंदूक हक्कवाल्यांचा सर्वांत पटणारा मुद्दा संस्कृतीचा आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागात लाखो मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी बापाबरोबर शिकारीला जातात आणि कोणाला मारत नाहीत. त्यांच्या मते शिक्षण आणि देखरेख हाच उपाय. या मुद्द्याला अडवून धरतं ते अॅरिझोनातल्या सेंट जॉन्सचं २००८ चं प्रकरण: आठ वर्षांच्या मुलाने वडिलांना आणि त्यांच्या भाडेकरूला रायफलने मारलं. बंदूक चालवायला त्याला वडिलांनीच शिकवलं होतं. पण हेच प्रकरण नियंत्रणवाल्यांनाही अडवतं. ती रायफल एकेक गोळी भरून झाडायची साधी .२२ होती. लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आणली तरी तिला कोणी हात लावला नसता.

हाती काय, बाकी काय

पुरावा न मिळण्यामागे राजकारणही आहे. १९९३ मध्ये आर्थर केलरमन यांच्या अभ्यासाने घरात बंदूक असल्यास घरातल्या खुनाची जोखीम २.७ पट असल्याचं म्हटलं. गॅरी क्लेक यांच्यासारख्यांनी, धोक्यातली माणसंच बंदूक घेतात, म्हणून कार्यकारणभाव उलटा असू शकतो, असा आक्षेप घेतला. आक्षेपाचं उत्तर आणखी संशोधनाने मिळालं असतं. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा संशोधनाला आवर घालणारी डिकी दुरुस्ती आणली आणि रोगनियंत्रण केंद्राचे त्या कामाचे २६ लाख डॉलर वळवले. नवा निधी मिळायला दोन दशकांहून जास्त काळ गेला.

तो मिळाला तरी एक अडचण उरतेच. वर्षाला काहीशे घटना, त्यांतल्या अल्पवयीनांच्या त्याहून कमी, त्या पन्नास राज्यांत विखुरलेल्या. एका राज्यातल्या एका कायद्याने आई-वडिलांच्या हत्या कमी झाल्या का, हे इतक्या थोड्या आकड्यांतून काढता येत नाही. अपघात आणि आत्महत्यांवरून अंदाज बांधावा लागतो. संकट ओळखून न्यायालयाकडून बंदूक काढून घेण्याचे आदेश कॅलिफोर्नियात कुटुंबीयांनाही मागता येतात. पण अशा घरात ते मागायचे कोणी, तर ज्याला पुढचा धोका आहे त्यानेच, आणि आपल्याच मुलाविरुद्ध. न्यूटाउनच्या आईने ते मागितले असते असं मानायला काही आधार नाही. आणि शायेनचा मुलगा? बंदुका कुलपात असत्या, तर बाप वाचला असता, कदाचित. मुलाचं काय झालं असतं, हे कुठल्याच बाजूचे आकडे सांगत नाहीत.

कुलपाबद्दलही एक बारीक गोष्ट. २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहत होती जिथे निदान एक बंदूक भरलेली आणि बिनकुलपाची होती. आणि अलाबामातल्या एका दवाखान्यात आलेल्या कुटुंबांना विचारून २००६ मध्ये छापलेला अभ्यास असा: बंदूक कुठे असते हे मुलाला ठाऊक नाही, असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मिलवॉकीत दहा वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातली. तिने एक आभासी खेळाचा चष्मा घेऊन दिला नव्हता, सकाळी सहाला उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या खात्यावरून तो चष्मा मागवला. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार खटला मोठ्यांच्या न्यायालयात सुरू झाला. त्या घरात बंदूक कुलपाच्या पेटीत होती. पेटीची किल्ली घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती, आणि जुडगा मुलाकडे सापडला.